विद्यार्थी समाधानी आहे का? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

नॅक, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय परिषद, हिच्याकडून महाविद्यालयाचे मूल्यांकन आले की विद्यार्थ्यांच्या ईमेलवर एक प्रश्नावली येते. वर्गात किती अभ्यासक्रम पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुणदान निष्पक्ष असते का, असे वीस प्रश्न. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. एकविसाव्या प्रश्नाखाली मोकळी जागा असते, तिथे तीन सूचना लिहायच्या. हे 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' नॅकने 2017 च्या सुधारित पद्धतीत आणले. त्याआधी महाविद्यालये स्वतःच अभिप्रायाचे अर्ज भरून घेत आणि स्वतःच त्यांची गोळाबेरीज करून अहवालाला जोडत. मधला हात काढून थेट विद्यार्थ्याला विचारणे ही निःसंशय चांगली सुधारणा होती.

पण ही विचारणा अध्यापनापुरतीच आहे. राहायची सोय, खानावळ, शुल्क आणि वेळेवर निकाल यांविषयी त्यात प्रश्न नाही. आपल्याकडच्या उच्च शिक्षणाचा इतिहास पाहिला तर विद्यार्थी टिकला किंवा मध्येच गळाला, तो बहुतेक वेळा याच गोष्टींमुळे.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग पुढे विसाव्या शतकात उभे राहिले. संलग्न महाविद्यालयातल्या मुलाला आजही विद्यापीठ भेटते ते हॉल तिकिटात, निकालात, मार्कशीटमध्ये आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात. तिथे घोळ झाला की वर्गातले उत्तम शिकवणेही त्याला सावरू शकत नाही.

खेड्यातून येणाऱ्या मुलापुढे तर वर्गाच्याही आधीचा प्रश्न असे: राहायचे कुठे आणि जेवायचे काय? राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांना बळ दिले ते यासाठीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात आधी बोर्डिंग चालवले आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेव्हा 'कमवा आणि शिका' हाच त्याचा पाया ठेवला. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे सकाळचे वर्ग भरत, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे हा हेतू होता. यांपैकी कोणी मुलांच्या हाती प्रश्नावली दिली नव्हती. मूल कशाने अडते हे त्यांनी पाहिले आणि नेमकी ती अडचण दूर केली. समाधानाचा याहून खरा अर्थ मला माहीत नाही.

1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, आणि विद्यार्थी मोठे शुल्क भरणारा झाला. भरलेल्या पैशाच्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. अकरा वर्षांनी, 1994 मध्ये, गुणवत्ता मोजण्यासाठी नॅक स्थापन झाली.

सर्वेक्षण आले ते 2017 हेच वर्ष मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणासाठी आठवते. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या उन्हाळ्यात एकदम सगळ्या परीक्षांना लावली गेली: 477 परीक्षा, 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. निकाल 30 दिवसांत, उशिरात उशिरा 45 दिवसांत लावावेत असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा हातातून जात असलेली मुले रोज संकेतस्थळ उघडून बघत होती. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या मुलांनी तेव्हा ती प्रश्नावली भरली असती, तर हा सारा मनस्ताप वीसपैकी कोणत्या प्रश्नात मावला असता?

तक्रार मांडायला हक्काचा प्रतिनिधी असावा, तर तिथेही जागा रिकामीच. हिंसाचारामुळे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यातील विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. विद्यार्थी मंडळावर गुणवत्तेनुसार नेमणुका होऊ लागल्या. 2016 च्या त्याच सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, 2019 मध्ये वेळापत्रकही निघाले, आणि मग निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2023 चे तक्रार निवारण नियम मला प्रश्नावलीपेक्षा अधिक मोलाचे वाटतात. त्यांत संस्थेच्या समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. निकालाला उशीर, शुल्क परत न मिळणे, मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे, हे सारे त्या नियमांत तक्रार म्हणून मोजले जाते. समितीवर एक विद्यार्थीही असतो, विशेष निमंत्रित म्हणून. तो मात्र निवडून आलेला नसतो, नेमलेला असतो.