व्हील अलाइनमेंट आणि सस्पेन्शन सेटअप

मोटारीची चारही चाके एकमेकांशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि रस्त्याशी ठरावीक कोनांत बसवण्याच्या कामाला व्हील अलाइनमेंट म्हणतात. ‘चाकांचे संरेखन’ असा मराठी शब्द कागदावर चालतो, टायरच्या दुकानात मात्र ‘अलाइनमेंट’च म्हणावे लागते. सस्पेन्शन सेटअप हे त्याहून मोठे काम आहे. त्यात स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारा दांडा), गाडीची जमिनीपासूनची उंची आणि प्रत्येक चाकावर पडणारा भार यांचा मेळ घातला जातो. दोन्हींची बिले वेगळी होत असली तरी कामे एकमेकांत अडकलेली आहेत. चाकाचा कोन सस्पेन्शनचेच भाग धरून ठेवतात. ते ढिले असतील, तर अलाइनमेंट यंत्राच्या पडद्यावर हिरवे झालेले आकडे पुढच्या गतिरोधकापर्यंतच खरे.

टो, कॅम्बर आणि कास्टर

वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर तो टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट. टायरची झीज सर्वांत जास्त या कोनाने होते, आणि बहुतेक लहान मोटारींत पुढच्या बाजूला जुळवता येणारा कोनही हा एकच असतो. याचा हिशेब सोपा आहे. रिमचा व्यास ४०० मिमी धरू. डाव्या-उजव्या रिमच्या कडांमधले अंतर पुढून आणि मागून मोजल्यावर ४ मिमीचा फरक आला, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला २ मिमी. ४०० ला २ या प्रमाणाने प्रत्येक टायर किलोमीटरमागे ५ मीटर आडवा घासतो. १०,००० किलोमीटरनंतर ही आडवी फरफट ५० किलोमीटर भरते. कायद्याने मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिमी असाव्या लागतात. अशा फरफटीत एका कडेची खाच त्या मर्यादेला केव्हाच पोहोचते, तेव्हा दुसरी कड नव्यासारखी दिसत असते. मेकॅनिक अशा वेळी म्हणतो, ‘गाडी टायर खातेय.’

हे ओळखायला यंत्र लागत नाही. टायरवर तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागला आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकला, तर टो बिघडलेला आहे. आतून बाहेर फिरवताना हात अडकत असेल तर टो-इन जास्त, बाहेरून आत फिरवताना अडकत असेल तर टो-आउट.

मागच्या चाकांनाही टो असतो. तो दोन्ही बाजूंना सारखा नसला की मागचा भाग गाडीला मध्यरेषेपासून तिरका ढकलतो. या तिरकेपणाला थ्रस्ट अँगल म्हणतात. गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. महामार्गावर खेकड्यासारखा तिरका चालणारा जुना ट्रक पुढे असला की हा प्रकार नुसत्या डोळ्यांना दिसतो. अशा ट्रकचा पाट्यांमधला (लीफ स्प्रिंगमधला) सेंटर बोल्ट बहुधा तुटलेला असतो आणि आख जागचा सरकलेला असतो.

कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून पाहताना दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा झुकाव. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा चाकाला लावला तरी तो कळतो, आणि यंत्रे नव्हती तेव्हा तो असाच मोजत. वरचे टोक आत झुकले तर कॅम्बर ऋण, बाहेर झुकले तर धन. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा थोडा ऋण कॅम्बर असलेला बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. रोजच्या मोटारीत हा कोन शून्याच्या आसपास ते उणे १ अंशापर्यंत असतो. रेसच्या गाडीत तो उणे ३ अंशांपर्यंत नेतात. तिथे टायरची आतली कड लवकर झिजली तरी तक्रार नसते.

कास्टर दिसत नाही, फक्त जाणवतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता किती मागे झुकलेला आहे, हा तो कोन. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक ढकलल्यावर आपोआप मागे वळून सरळ होते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही चालवता येते. मोटारीचे स्टेअरिंग वळणानंतर आपसूक मधे येते ते मुख्यतः याच कारणाने.

वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, कारण ते लहान वर्तुळावर फिरते. ही रचना म्यूनिकचा घोडागाड्या बनवणारा गेऑर्ग लांकेन्श्परगर याची. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये रूडॉल्फ अकरमन याने घेतले आणि नाव त्याचेच चिकटले. अलाइनमेंटवाला हा कोन बदलत नाही, तो स्टेअरिंगच्या आर्मच्या आकारातच असतो. अपघातात आर्म वाकली तर मात्र सरळ रेषेतले आकडे बरोबर असूनही गाडी वळणावर टायर किंचाळवते.

सस्पेन्शनचे प्रकार

काय जुळवता येईल, हे गाडीची रचना ठरवते. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची काळी-पिवळी, पुढे विशबोन (इंग्रजी ए-आकाराच्या आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे घेऊन फिरली. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) होते आणि मागे पाटेच. १९८३ च्या मारुती ८०० पासून आपल्याकडे मॅकफर्सन स्ट्रटचा काळ सुरू झाला. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याची ही रचना १९५० मध्ये सादर झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या ब्रिटिश मोटारींमधून रस्त्यावर आली. स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि वरचा आधार एकाच खांबात असल्याने ती स्वस्त पडते आणि इंजिनला जागा सोडते. बदल्यात कॅम्बर आणि कास्टर कारखान्यातच पक्के होतात. ते चुकले तर अनेक गाड्यांत जुळवायला नटच नसतो. वेगळा कॅम्बर बोल्ट घालावा लागतो किंवा वाकलेला भाग बदलावा लागतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारी तुळई) असेल तर तिथेही हीच गत. चारही चाकांची ‘फोर-व्हील अलाइनमेंट’ केल्याचे बिल अशा गाडीला लागते तेव्हा मागची चाके फक्त मोजलेली असतात, हे गिऱ्हाइकाला माहीत असावे.

प्रवाशाला बसणाऱ्या हिसक्यांचा पद्धतशीर अभ्यास १९३० च्या दशकात अभियंता मॉरिस ऑली याने जनरल मोटर्समध्ये केला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ ठेवल्या तर खड्ड्यानंतर गाडी पुढे-मागे डुलण्याऐवजी सपाट वर-खाली होते, हा त्याचा निष्कर्ष. आजही रस्त्यावरच्या मोटारीची स्प्रिंग सेकंदाला साधारण एक ते दीड आंदोलने करेल अशी निवडतात. ही आंदोलने थांबवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. गाडीचे वजन त्याच्यावर नसते, स्प्रिंगवर असते, म्हणून ‘शॉक गेले, गाडी बसली’ हे निदान बऱ्याचदा चुकीचे ठरते.

गॅरेजमधले काम

अलाइनमेंटचा पहिला अर्धा भाग पाना न उचलता होतो. आधी टायरमधली हवा, मग टायरची झीज, मग गाडी वर घेऊन चाक हलवून पाहणे. घड्याळाच्या बारा आणि सहा या जागी धरून हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नऊ आणि तीनला धरून हलले तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचे टोक. लहान खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड येत असेल तर पहिला संशय अँटी-रोल बारच्या लिंक रॉडवर. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशला पहारीने किंचित रेटले की चीर उघडते. पावसाळ्यानंतर मुंबई-गोवा महामार्गावरून आलेल्या गाडीत यातले काही ना काही सापडतेच. हे भाग न बदलता लावलेली अलाइनमेंट म्हणजे सैल बिजागरीच्या दाराला रंधा मारणे.

बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळत असतानाच आर्मचा बोल्ट पूर्ण कसला जातो. गाडी खाली उतरली की आर्म वर सरकते आणि रबर कायमचे पिळलेले राहते. असा नवा बुश फार लवकर फाटतो. चाकांवर गाडीचे वजन घेऊन, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना तो बोल्ट कसावा लागतो. रॅम्पवर हे दोन मिनिटांचे काम आहे, तरी टाळले जाते.

मग मोजणी. पूर्वी गाडीभोवती सूत ताणून पट्टीने अंतरे घेत. रेसच्या पिटमध्ये ही पद्धत अजून चालते आणि नीट केली तर अचूकही असते. पुढे प्रकाशकिरणांची, नंतर सेन्सरची यंत्रे आली. आता मोठ्या दुकानांत चाकांवर परावर्तक फलक लावून समोरचे कॅमेरे त्यांची स्थिती वाचतात. गाडी थोडी मागे-पुढे ढकलली जाते ती वाकड्या रिमची चूक हिशेबातून काढण्यासाठी. स्टेअरिंग डावी-उजवीकडे ठरावीक अंशांपर्यंत वळवले जाते ते कास्टर काढण्यासाठी. पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर असावी लागतात, नाहीतर टायरची पकड मोजमाप खोटे पाडते. काही उत्पादक, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू, आसनांवर आणि डिकीत ठरावीक वजने ठेवूनच मोजायला सांगतात.

क्रम ठरलेला आहे: आधी मागची चाके, मग पुढची, पुढे आधी कास्टर, नंतर कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलला की टो हलतो, उलट फारसे होत नाही. टो लावण्यापूर्वी स्टेअरिंग मधे आणून कुलूपबंद करतात, आणि दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवतात. एकाच बाजूचा फिरवला तर टोचा आकडा बरोबर येतो आणि स्टेअरिंग वाकडे बसते.

पडद्यावर ‘स्टेअरिंग अक्षाचा कल’ (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा समोरून दिसणारा झुकाव) असाही एक आकडा असतो, तो कुणी जुळवत नाही. अपघातातल्या गाडीत मात्र तो फार उपयोगी पडतो. हा कल आणि कॅम्बर यांची बेरीज डावीकडे-उजवीकडे सारखी असूनही कॅम्बर वेगळा आला, तर स्ट्रट ज्यावर बसला आहे ती जागा किंवा सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सरकलेली आहे. बेरीजच वेगळी आली, तर स्ट्रट किंवा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) वाकले आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने या आकड्यांचा कागद मागून घ्यावा.

‘गाडी खेचते’ ही तक्रार दर वेळी अलाइनमेंटची नसते. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधे उंच असतात आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणे साहजिक आहे. टायरच्या बांधणीतला दोषही गाडी ओढतो. पुढचे दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढ उलट बाजूला गेली, तर दोष टायरचा. ब्रेक अडकलेला असेल तर लांबच्या फेरीनंतर त्या बाजूची रिम जास्त गरम लागते. आणि ८०-१०० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरणे हा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचे वजन सगळ्या बाजूंनी सारखे करण्याचा विषय आहे. ते काम वेगळे, यंत्रही वेगळे. पण समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा गेलेली गाडी थरथरली की मालक अलाइनमेंटलाच येतो.

चार काटे आणि एक चौरंग

शर्यतीच्या गाडीचा सेटअप इथून पुढे जातो. पुण्याजवळ चाकणला २०२२ पर्यंत बनलेल्या फोक्सवॅगन पोलोच्या एकाच मॉडेलच्या शर्यती २०१० पासून भारतात झाल्या. अशा मालिकांत गाड्या जवळजवळ सारख्या असल्याने फरक चालक आणि सेटअप यांचाच उरतो.

सपाट केलेल्या फरशीवर चार वजनकाटे ठेवून प्रत्येकावर एक चाक उभे करतात. चालकाच्या जागी चालक किंवा त्याच्या वजनाच्या पिशव्या, टाकीत ठरलेले पेट्रोल, अँटी-रोल बारची लिंक सोडलेली. मग उजवे पुढचे आणि डावे मागचे अशा तिरप्या जोडीचा भार एकूण वजनाच्या ५० टक्क्यांजवळ आणतात. यासाठी उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंगची बैठक एखादा फेरा फिरवणे पुरते. डुगडुगणाऱ्या चौरंगाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर वाढतो, उरलेल्या दोघांवर घटतो. इथेही तेच घडते. पुढे-मागे किंवा डावे-उजवे वाटप या फेऱ्यांनी बदलत नाही. त्यासाठी बॅटरी किंवा आसनच हलवावे लागते. तिरपा भार बिघडलेली गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरे.

त्यानंतर शॉकच्या दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या अवरोधाचे क्लिक, बारची जाडी, टायरची हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून वहीत टिपायची आणि पुन्हा चक्कर मारायची. वळणावर पुढची चाके मार्ग सोडून बाहेर जाऊ पाहत असतील तर पुढचा बार मऊ किंवा मागचा कडक करतात, शेपूट सुटत असेल तर उलट.

बाजारातल्या छोट्या स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवणाऱ्यांना यातली एक बाजू उशिरा कळते. उंची घटली की लोअर आर्म आणि टाय रॉड यांचे कोन बदलतात, आणि चाक वर-खाली होताना टो आपोआप फिरू लागतो. म्हणजे खड्डा आला की गाडी स्वतःच थोडी वळते. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरबदलांवर बंधन घालते, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले आहे.

सामान्य मोटारीला दर ५,००० ते १०,००० किलोमीटरला अलाइनमेंट तपासून घेतात. टायर, टाय रॉड किंवा स्ट्रट बदलला, वा खड्ड्यात जोराचा दणका बसला तर तेव्हाच. नव्या गाड्यांत टो जुळवल्यावर स्टेअरिंग अँगल सेन्सरही शून्यावर आणावा लागतो, नाहीतर गाडी सरळ चाललेली असताना गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता नियंत्रण यंत्रणेला ती वळते आहे असे वाटते. २०२१ पासून महिंद्रा एक्सयूव्ही ७००, एमजी ॲस्टर यांसारख्या गाड्यांत रस्त्यावरचे पट्टे पाहणारा कॅमेरा काचेमागे आला. अशा गाड्यांत मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल बदलला, तर अनेकदा त्या कॅमेऱ्याचे नेमही पुन्हा लावून घ्यावे लागते.