रिपोर्ट चांगले, तरी जिना चढवेना

माझ्या भाचीची शेवटची केमो होऊन पाच महिने झाले होते. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, वय 19. स्कॅन चांगला आला, केस पुन्हा आले, घरोघरी पेढे वाटून झाले. एका सकाळी विंचरता विंचरता ती कंगवा हातात धरून पलंगावर बसली ती बसलीच. "मावशी, हातच वर होत नाहीये गं." दहा तास झोपून उठली होती.

"बरी झालीस ना, मग लोळतेस काय?" हे तिने कितीदा ऐकलं असेल! हा आळस नव्हे, कॅन्सरनंतरचा थकवा आहे. एरवीचा शीण झोपेने उतरतो, हा उतरत नाही. काहींना तो उपचारांनंतर वर्षानुवर्षं पुरतो.

तापात अंग मोडून येतं, ते शरीरातल्या सायटोकाइन नावाच्या रसायनांमुळे. उपचार संपल्यावरही काहींच्या शरीरात ती चढीच राहतात. त्यात स्टेरॉइडने झिजलेले स्नायू, विस्कटलेली झोप आणि आजार उलटण्याची धास्ती.

काही कारणं मात्र तपासणीत सापडतात आणि त्यांवर इलाजही आहे. हिमोग्लोबिन कमी असू शकतं. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड काही वर्षांनीही मंदावतो. डॉक्सोरुबिसिन या केमोतल्या औषधाचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढतात. म्हणून "थकवा यायचाच" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी 1991पासून वेगळी ओपीडी आहे, ती उगीच नाही.

तपासण्या ठीक निघाल्या, मग काय? विश्रांती, असंच आम्हाला वाटलं आणि तिथेच चुकलो. पडून राहिलं की स्नायू आणखी दुबळे होतात, तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. 2017 साली 113 संशोधनांमधल्या 11 हजारांहून जास्त कॅन्सर रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि समुपदेशन सरस ठरलं. 2019च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, किमान 12 आठवडे असा व्यायाम सांगितलाय. चालणंही चालतं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत वेगाने. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

आमच्याकडे सुरुवात दहा मिनिटांनी झाली, बिल्डिंगपासून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत. खरी अडचण आली ती बरं वाटणाऱ्या दिवसांची. त्या दिवशी कॉलेज, मैत्रिणीचा वाढदिवस, राहिलेलं जर्नल, सगळं एका दमात व्हायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जायचे. आता ती वहीत लिहिते, कुठल्या वेळी अंगात त्राण असतं. अवघड लेक्चर सकाळी, दुपारी गजर लावून अर्धा तास झोप, चांगल्या दिवशीही ठरवलं तेवढंच.

कॉलेजची लिफ्ट फक्त शिक्षकांसाठी होती. डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर परवानगी मिळाली, पण ती मागायलाच तिला महिना लागला. कारण बघणाऱ्याला ती आता आजारी दिसत नाही.