कॉड की हॅडॉक, चरबी की तेल : चिप्पीच्या वादामागचा इतिहास

ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात ‘इथली सगळ्यात चांगली चिप्पी कोणती?’ असा प्रश्न टाकला की दहा जण दहा दुकानांची नावं घेतात. चिप्पी म्हणजे फिश अँड चिप्सचं, म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडींचं, टेकअवे दुकान. एकाकडचं वरचं आवरण कुरकुरीत, दुसऱ्याकडचे चिप्स लिबलिबीत, तिसऱ्याकडे मासा मोठा पण तेल जुनं, अशी तुलना रंगते. लीड्सकराने लंडनच्या चिप्पीला नावं ठेवणं हे कोल्हापूरकराने पुण्याच्या मिसळीला नावं ठेवण्याइतकंच अटळ. पण या वादात तळणाऱ्याचा हात जेवढा असतो, त्याहून जास्त हात रेल्वेचा, चरबीच्या भावाचा आणि कोणत्या गावात कुठून कोण येऊन स्थिरावलं याचा असतो.

तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणला तो स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंनी. १४९२ साली स्पेनने त्यांना हाकललं, पोर्तुगालमध्ये सक्तीने धर्मांतरं झाली, आणि पांगलेल्यांपैकी काही कुटुंबं सतराव्या शतकात लंडनला पोहोचली. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या, दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी पिठात घोळवून मासा तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गारच खायचा, ही त्यांची रीत. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांमध्ये असा मासा पावाबरोबर विकला जाई. चार्ल्स डिकन्सने १८३०च्या दशकातच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तळलेल्या माशाच्या वखारीचा उल्लेख केला आहे. बटाट्याच्या चिप्सचं माहेर मात्र उत्तरेकडे, लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरण्यांच्या गावांत, असं सहसा मानलं जातं.

हे दोन पदार्थ एका पुडीत पहिल्यांदा कुणी बांधले, यावर दोन दावे आहेत. लंडनच्या ईस्ट एंडमधला ज्यू दुकानदार जोसेफ मालिन, साधारण १८६०. आणि मँचेस्टरजवळच्या मॉस्ली गावच्या बाजारात लाकडी टपरी टाकणारा जॉन लीस, साधारण १८६३. दोन-तीन वर्षांच्या या फरकावरून आजही हिरिरीने भांडण होतं. मला ते निरर्थक वाटतं, कारण टपरी कुणाचीही पहिली असो, तिचा धंदा झाला तो समुद्रावर आणि रुळांवर.

१८८०च्या दशकापासून वाफेवर चालणारे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे पकडणारी जहाजं, आले. ते दूरच्या, थंड पाण्यात जाऊन बर्फात ठेवलेला मासा प्रचंड प्रमाणात आणू लागले. ग्रिम्सबी, हल, फ्लीटवूड या बंदरांतून तो रातोरात रेल्वेने आतल्या भागातल्या औद्योगिक गावांत पोहोचे. ज्या कष्टकरी माणसाच्या ताटात समुद्राचा ताजा मासा क्वचित यायचा, त्याला तो आता कोपऱ्यावर गरमागरम मिळू लागला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायकाही मोठ्या संख्येने कामाला असत; भोंगा झाल्यावर घरी येऊन कोळशाची चूल पेटवण्यापेक्षा भांडं घेऊन चिप्पीवर जाणं सोयीचं होतं. १९१०च्या सुमारास देशात अंदाजे २५,००० दुकानं होती, १९२०च्या दशकाच्या अखेरीस ३५,०००. आज १०,५००च्या आसपास. १९१३ साली तळणाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्याचं कार्यालय लीड्समध्ये आहे.

उच्चभ्रूंना मात्र या दुकानांचं कधी कौतुक नव्हतं. तळणाचा वास गल्लीभर पसरायचा आणि सरकारदरबारी मासे तळणं हा उपद्रवी, दुर्गंधीच्या धंद्यांमध्येच मोडायचा. तो शिक्का पुसला गेला १९४० साली, म्हणजे युद्धकाळात. त्याच युद्धात मटण, लोणी, साखर, चहा असं बरंच काही रेशनवर गेलं, पण फिश अँड चिप्सवर रेशन आलं नाही. अर्थात मासा आणि चरबी रोज मिळेलच अशी खात्री नव्हती, त्यामुळे ‘आज रात्री तळण आहे’ ही पाटी लागली की रांगा लागत.

आता खऱ्या भांडणाकडे येऊ. पहिला मुद्दा चरबीचा. यॉर्कशायरमध्ये, आणि उत्तरेत इतरत्रही अनेक ठिकाणी, मासा आणि चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोमांसाच्या वितळवलेल्या चरबीत तळतात. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल. चरबीतल्या तळणाला जाड, खमंग, मांसल वास असतो आणि तो तेलात येत नाही, हे उत्तरेकडच्यांचं म्हणणं खरं आहे. डरहॅम परगण्यातल्या बीमिश संग्रहालयात कोळशावर तापणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भट्टीवर आजही ड्रिपिंगमध्येच तळतात. लीड्स-ब्रॅडफर्डला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाने मात्र इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘मी मासा खात नाही, फक्त चिप्स घेतो’ म्हटल्याने काही साधत नाही, चिप्सही त्याच चरबीतून निघतात. काउंटरवर विचारलं तर कुणाला राग येत नाही. हा प्रश्न त्यांच्या सवयीचा आहे, आणि काही दुकानं तेलाची वेगळी कढई ठेवतात.

दुसरा मुद्दा माशाचा. कॉड आणि हॅडॉक हे दोन्ही थंड पाण्यातले, पांढऱ्या मांसाचे समुद्री मासे. दक्षिणेत कॉड हाच राजा. यॉर्कशायर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉक, आणि यॉर्कशायरमध्ये तर साल काढूनच तळायचा. कॉड समुद्रतळाचं काहीही खातो, हॅडॉक गोडसर आणि घट्ट असतो, असं तिथले लोक शपथेवर सांगतात. गंमत म्हणजे ग्रिम्सबी, जिथून देशभर मासा गेला, तिथलेही लोक स्वतःसाठी हॅडॉकच मागतात. लंडन आणि आग्नेय किनाऱ्यावर ‘रॉक सामन’ मिळतो. त्याचा सामनशी काही संबंध नाही. तो आपल्या मुशीच्या कुळातला छोटा शार्क. मालवणात मुशीचं सुकं खाऊन वाढलेल्याला त्याचे मऊ, मधल्या कूर्चेपासून सहज सुटणारे तुकडे लगेच ओळखीचे वाटतील.

जोडीला काय, यावरही प्रांतांच्या सीमा आखता येतात. उत्तरेत मॅरोफॅट वाटाणे सोड्याच्या पाण्यात भिजवून शिजवलेले ‘मशी पीज’ आणि ग्रेव्ही. लंडनमध्ये लोणच्यातली काकडी. एडिंबरामध्ये व्हिनेगरने पातळ केलेला ब्राउन सॉस, तर तासाभरावरच्या ग्लासगोत साधं मीठ-व्हिनेगर. हलमध्ये चिप्सवर मीठ आणि पाप्रिकाचा (सौम्य लाल मिरचीपूड) ‘चिप स्पाइस’, आणि बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्रीत चिप्सच नारिंगी आवरणाचे.

दुकानामागची माणसंही बदलत गेली. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये हा धंदा इटालियन कुटुंबांनी उभा केला. स्कॉटलंडमधली अनेक टस्कनीच्या बार्गा गावची, तर डब्लिनमधली बरीच रोमच्या दक्षिणेकडच्या कासालात्तिको या एकाच डोंगराळ गावातून आलेली. डब्लिनचा पहिला चिप्पीवाला म्हणून १८८०च्या दशकातल्या जुझेप्पे चेर्वीचं नाव घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीक सायप्रसवाले आले, साठ-सत्तरच्या दशकांत हाँगकाँगहून आलेली चिनी कुटुंबं, पुढे पंजाबीही. चिप्सवर ओतायचा तो पिवळसर करी सॉस रुळला तो मुख्यतः चिनी दुकानांमुळे. आपल्या जिभेला तो गोडमिट्ट आणि पिठूळ लागतो, पण पावसाळी रात्री दोन वाजता तो ब्रिटिश माणसाला किती प्रिय असतो हे पाहिल्यावर टीका करायचा धीर होत नाही.

सत्तरच्या दशकात या सगळ्याखालची जमीन सरकली. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८मध्ये १२ मैल, १९७२मध्ये ५० आणि १९७५मध्ये २०० मैल केली. दर वेळी ब्रिटिश नौदल आणि आइसलँडची गस्ती जहाजं समोरासमोर आली, जाळी कापली गेली, जहाजांना जहाजं धडकली. ही ‘कॉड युद्धं’. १९७६मध्ये ब्रिटनने माघार घेतली, आणि हल, ग्रिम्सबी, फ्लीटवूडचा दूरच्या पाण्यातला ताफा काही वर्षांतच संपला. तेव्हापासून चिप्पीतला बराचसा कॉड-हॅडॉक परदेशी आहे: आइसलँड, नॉर्वे, नॉर्वे-रशियाच्या उत्तरेचा बॅरंट्स समुद्र. पुष्कळसा बोटीवरच कापून गोठवलेला असतो. गल्लीतल्या दोन भांडखोर चिप्पींच्या शीतपेटीत एकाच बोटीची खोकी असू शकतात.

मग फरक उरतो कुठे? तेल किंवा चरबी किती वेळा गाळली जाते, कढई पुरेशी तापण्याआधी मासा सोडला का, तळून किती वेळ काचेच्या कपाटात पडून राहिला, आणि बटाटा. १९६६मध्ये आलेली मॅरिस पायपर ही जात आजही चिप्पीवाल्यांची लाडकी. पण एकच जात वर्षभर सारखी वागत नाही. थंड गोदामात महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि चिप्स लवकर काळवंडतात. नव्या हंगामाचा बटाटा पाणीदार, त्याचे चिप्स मऊ पडतात. मे महिन्यात एका दुकानाला नापास करून ऑगस्टमध्ये दुसऱ्याला शाबासकी देणारे बहुतेकदा दुकानांची नव्हे, बटाट्यांची तुलना करत असतात.

तुलनेला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली ती हॅरी रॅम्सडेनने. १९२८मध्ये लीड्सजवळच्या गाइझलीत त्याने पांढऱ्या लाकडी खोपट्यात सुरुवात केली, आणि तीनच वर्षांत झुंबरं नि गालिचे असलेलं भोजनगृह बांधलं. कामगाराचं जेवण राजेशाही थाटात, ही कल्पना चालली. पुढे त्या नावाची साखळी झाली, मूळ जागा मात्र २०११मध्ये त्या साखळीनेच बंद केली. १९८८पासून देशातल्या सर्वोत्तम चिप्पीसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरते. स्वच्छता, मासा कुठून आणला, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असं सगळं तीत तपासलं जातं.

अलीकडच्या तुलनेत चवीइतकाच भाव बोलतो. गरम टेकअवेवर १९८४मध्ये मूल्यवर्धित कर लागला, तो आता २० टक्के आहे. २०२२मध्ये युक्रेन युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल भडकलं, रशियन पांढऱ्या माशावर ब्रिटनने ३५ टक्के जादा शुल्क लावलं. त्यात बॅरंट्स समुद्रातला २०२५चा कॉडचा कोटा ३,४०,००० टनांवर आला, १९९१नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. कॉडचा तुकडा लहान करायचा की भाव वाढवायचा, या पेचातून काही दुकानांनी फलकावर हेक, पोलॉक आणि कोली या दुसऱ्या माशांची नावं लिहायला सुरुवात केली आहे, आणि यॉर्कशायरमध्ये त्यावरही वाद घालणारे आहेतच.