रिया की एमू? बोटं मोजू नका, पंख बघा

रिया या दक्षिण अमेरिकेतल्या, न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याचा फोटो दाखवला की बहुतेक जण बिनधास्त एमू म्हणून मोकळे होतात. शहामृग दोन बोटांवरून पटकन ओळखू येतं, म्हणून लोकं इथेही पायच बघतात आणि तिथेच फसतात, कारण या दोघांनाही तीन-तीनच बोटं. उंचीवरूनही काही कळत नाही, एमू थोडा उंच आणि जड असतो एवढंच.

बघायचे ते पंख. एमूचे पंख जेमतेम २० सेंटीमीटरचे, अंगावरच्या पिसांखाली कुठे दडतात ते शोधावं लागतं. रियाचे मात्र चांगले मोठे, मऊ, अख्खी पाठ झाकतील असे. उडता येत नाही तरी ते फुकट नाहीयेत बरं का! मागे कोणी लागलं की रिया नागमोडी पळतो, आणि गर्रकन वळताना एक पंख वर उचलून तोल सांभाळतो. एमूच्या एका पिसाला दोन दांड्या असतात, ती सैल लोंबतात, त्यामुळे पाठीवर मधोमध भांग पाडल्यासारखं दिसतं.

अंडी दोघांकडेही बापच उबवतो, पण खरी गंमत रियाच्या घरट्यात आहे. नर जमिनीत खड्डा करून गवत अंथरतो, मग बऱ्याच माद्या येऊन त्यात किंवा काठाशी अंडी घालतात, बाहेर राहिलेलं अंडं तो चोचीने लोटत आत घेतो, आणि माद्या तिथून निघून दुसऱ्या नराकडे! एका घरट्यात २०-३० अंडी सहज, कधी ५० च्या वर. ताजी पिवळसर असतात, नंतर फिकी पडतात. पाच-सहा आठवडे हा गडी बसून, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो, मादीलाही सोडत नाही. एमूची अंडी गडद हिरवी आणि बरीच कमी, पण नर तब्बल आठ आठवडे जवळपास उपाशी बसतो, उठतो तो मुख्यतः अंडी फिरवायला. माझ्या मते तपस्या याचीच मोठी.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, ऑस्ट्रेलियात दिसला तर एमू आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या गवताळ माळावर दिसला तर रिया, संपलं. बरोबर आहे, पण २००० च्या सुमारास उत्तर जर्मनीत एका फार्ममधून काही रिया पळाले आणि आता तिथल्या शेतांमध्ये त्यांची पिल्लावळ मोकाट फिरतेय.