जागा धरणारी माणसं

खंडेनवमीच्या सकाळी मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलमध्ये चढलात, तर दारातच झेंडूचा वास येतो. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून डब्याची पूजा आदल्या दिवशी. कल्याणची मंडळी गाडी सुटायच्या आधीच खिडक्यांना तोरणं बांधतात, हाताच्या कड्यांमधून माळा ओवतात, एका कोपऱ्यात देवीची तसबीर उभी करतात. मोटरमनला हार आणि नारळ दिला जातो. एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं पेढ्यांचा पुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोहात जातो आणि रिकामा होऊन परत येतो.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. सुताराची करवत, वाण्याचा तराजू, मुलांची पुस्तकं. मुंबईच्या नोकरदाराचं हत्यार म्हणजे त्याची गाडी, असं माझे बाबा म्हणायचे. फोर्टातल्या एका छापखान्यात ते बाइंडिंगचं काम करत. तीसहून जास्त वर्षं त्यांनी भांडुपहून सकाळी आठ-बाराची गाडी पकडली. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरीही त्या डब्यातल्या भजनात ते रोज टाळ वाजवत.

लहानपणापासून मला याचं कोडं होतं. श्रद्धा नाही, मग टाळ कशाला? पुढं विज्ञानावर लिहायला लागल्यावर या कोड्याची उत्तरं एकेक करून हाती येत गेली. जगण्याला अर्थ कुठून येतो हा प्रश्न आपण एकांतात बसून सोडवायचा प्रश्न समजतो. प्रयोगांमधून दिसतं ते थोडं वेगळं आहे. अर्थ लागण्याच्या कामात शरीर, घड्याळ आणि शेजारी बसलेला माणूस यांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

आधी टाळाचं बघू. २०१० साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या नौकानयन संघातल्या १२ खेळाडूंवर एक प्रयोग केला. रॉबिन डनबार हे नामवंत मानववंश-अभ्यासक त्या गटात होते. खेळाडूंनी व्यायामशाळेतल्या वल्हवण्याच्या यंत्रावर ४५ मिनिटं वल्ही मारायची. एकदा एकट्यानं, एकदा सहा जणांनी एका तालात. दमणूक दोन्ही वेळा जवळपास सारखीच. त्यानंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवत न्यायचा आणि दुखायला लागलं की खेळाडूनं सांगायचं.

पट्टा अशासाठी, की मेंदूत स्रवणारं एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड असतं. रक्त आणि मेंदू यांच्यात एक गाळणी असते. तिच्यामुळं मेंदूत काय चाललंय ते रक्ताच्या नमुन्यात नीट उमटत नाही. पण एंडॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक आहे. ते वाढलं की दुखणं उशिरा जाणवतं, म्हणून वेदना सोसण्याची मर्यादा मोजून त्याचा अंदाज घेतात. व्यायामानंतर ती मर्यादा वाढणार, हे अपेक्षितच होतं. एकत्र वल्हवल्यावर मात्र ती वाढ एकट्यानं वल्हवल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. घाम तेवढाच गाळला होता. फरक फक्त सोबतीचा आणि तालाचा.

बारा खेळाडू म्हणजे फार छोटा प्रयोग, हे लक्षात ठेवायला हवं. पण पुढं एकत्र नाचणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांतही हाच कल दिसला. एंडॉर्फिन नुसतं दुखणं कमी करत नाही, ते जवळीकही निर्माण करतं. माकडं एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचतात तेव्हा हेच रसायन कामाला येतं. एका माकडाला एका वेळी एकाच्याच उवा वेचता येतात. माणसानं ताल शोधला आणि एका वेळी अनेक जणांशी नातं जोडायची सोय केली, अशी डनबार यांची मांडणी आहे. मला ती पटते. भांडुप ते दादर टाळ कुटणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घरची लग्नं, दुखणी, मुलांचे निकाल सगळं ठाऊक असतं. डब्यातल्या सगळ्यांना हे भजन सुखाचं वाटतं असं नाही. रात्रपाळी करून आलेल्याला डुलकी हवी असते आणि त्याची तक्रार खरी आहे. ताल आतल्यांना जितका जोडतो, तितकं बाहेरच्याला बाहेर ठेवतो, हाही त्याचाच गुण.

आता श्वासाकडं वळू. २००१ साली इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळ, दुसरा ‘ॐ मणिपद्मे ॐ’ हा मंत्र. विश्रांतीच्या वेळी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. या दोन्ही जपांत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली. रक्तदाबातही दर दहा सेकंदांनी एक नैसर्गिक लाट येत असते, म्हणजे मिनिटाला सहाच. श्वास आणि ही लाट एका लयीत आली की हृदय रक्तदाबातल्या चढउतारांना जास्त चटकन प्रतिसाद देतं आणि शरीर निवांत होतं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या पायऱ्यांवर माळ ओढणारी आजी आणि वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीच्या रांगेत नामस्मरण करणारी आजी यांची छाती कदाचित एकाच गतीनं वरखाली होत असेल. हे लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

आपल्याला अगदी जवळचा असा एक अभ्यास मॉरिशसमधला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथं राहतात. रोजच्या बोलण्यात तिथली क्रिओल भाषा आली, पण गणपती आणि देवळातली पूजा टिकली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिथल्या ७५ मराठी हिंदूंना आधी मुद्दाम ताण दिला गेला. लोकांसमोर भाषण करायचंय, असं सांगितलं की कुणाचंही काळीज धडधडतंच. मग काही जणांना देवळात नेहमीची पूजा करायला सांगितलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसायला. पूजा करणाऱ्यांनी आपली घालमेल कमी झाल्याचं सांगितलं. त्यांच्या हृदयाच्या नोंदींतही तेच दिसलं.

या नोंदी हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराच्या असतात. निरोगी, निवांत हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास घेताना ते किंचित धावतं, सोडताना किंचित रेंगाळतं. ताणाखाली ही लवचीकता कमी होते. पूजेनंतर ती जास्त दिसली. आरती ओवाळताना, उदबत्ती लावताना, ठरल्या जागी हळद-कुंकू वाहताना पुढं काय करायचं ते हातांना माहीत असतं. अनिश्चिततेनं भेदरलेल्या मनाला तेवढ्यापुरती एक निश्चित गोष्ट मिळते, असं यामागचं एक स्पष्टीकरण आहे. देऊळ ही ओळखीची जागा असल्याचा परिणामही त्यात मिसळलेला असू शकतो. या एका अभ्यासावरून तो वेगळा काढता येत नाही.

निश्चिततेचा आणि अर्थाचा संबंध एका साध्या प्रयोगातही दिसतो. अमेरिकेत २०१३ साली काही जणांना झाडांची चित्रं दाखवली. एका गटाला ऋतूंच्या क्रमानं, दुसऱ्याला कशीही. नंतर आयुष्याबद्दलचे प्रश्न विचारले, तर क्रमानं चित्रं पाहिलेल्यांनी स्वतःचं आयुष्य जास्त अर्थपूर्ण असल्याचं नोंदवलं. झाडांच्या चित्रांचा आपल्या आयुष्याशी काय संबंध? पण मनाला घडी दिसली की ते ती स्वतःच्या जगण्यालाही लावून बघतं. इंडिकेटरवर रोज तीच वेळ, त्याच दारात तेच चेहरे, ही अशीच एक घडी.

ती मोडते तेव्हा काय होतं, याचा सर्वांत हृदयाला भिडणारा अभ्यास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाचा आहे. गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९-३०च्या सुमारास गिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिचे सहकारी तिथं पोहोचले आणि १९३३ साली त्यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. बेकार पुरुष सावकाश चालत, पुन्हा पुन्हा थांबत. घरचं काम असलेल्या बायका भराभर जात. हातात वेळच वेळ असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. दिवस कसा घालवला हे पुरुषांना सांगता येत नव्हतं. सकाळी उठणं, दुपारी जेवणं, रात्री झोपणं, मधलं सगळं पुसलेलं. पगाराखेरीज काम आणखी काय काय देतं, याची याहोदानं पुढं मांडणी केली: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून साधायचा हेतू, समाजात ओळख, आणि हातपाय हलते ठेवण्याचं कारण.

हे वाचताना गिरणगाव डोळ्यांसमोर येत नाही असा मुंबईकर विरळा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेकांसाठी ते परतणं झालंच नाही. लालबाग-परळात भोंग्यावर घड्याळं लागत. पाळी, खानावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपती, गावाकडं पाठवायची मनीऑर्डर, हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं होतं. भोंगा थांबला तेव्हा पगार गेलाच, आणि दोराही तुटला. नुकसानभरपाईचा हिशेब करताना या दोऱ्याची किंमत कुणी मांडल्याचं मला माहीत नाही. ती मांडायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं.

बाबा ५८व्या वर्षी निवृत्त झाले. रीतसर, हार-नारळ घेऊन. पहिल्या सोमवारी ते सवयीनं साडेपाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीत बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, “कांजूर गेलं असेल.” थोड्या वेळानं, “घाटकोपर.” मग काहीच बोलले नाहीत. तीन-चार महिन्यांत दाढी दोन दिवसांआड होऊ लागली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, आणि आईनं काही विचारलं की उत्तर एका शब्दात यायचं.

एका माणसाच्या गोष्टीवरून विज्ञान ठरत नाही. पण मोठ्या संख्येचे अभ्यास आहेत. २०१९ साली अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या ६,९८५ जणांच्या माहितीवरून असं दिसलं, की ज्यांना जगण्यात हेतू सर्वांत कमी वाटत होता, त्यांचा पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका सर्वांत जास्त हेतू वाटणाऱ्यांच्या सुमारे २.४ पट होता. यात एक पेच आहे. आजारानंच माणसाचा हेतू हिरावला, असंही असू शकतं. संशोधकांनी आधीचे आजार हिशेबात धरले होते, तरी अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पूर्ण सुटे करता येत नाहीत.

श्रद्धेबद्दलचा एक मोठा अभ्यास त्यापुढं नेतो. ७४,५३४ अमेरिकी परिचारिकांची १९९६ ते २०१२ अशी १६ वर्षांची नोंद. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी आढळलं. असं का, याची फोड केली तेव्हा माणसांचा आधार हे एक मोठं कारण निघालं, जवळपास चौथ्या हिश्शाएवढं. त्याच्याच बरोबरीनं धूम्रपान कमी असणं. या बहुतेक ख्रिस्ती बायका होत्या, मुंबईच्या डब्यावर हे आकडे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. तरी एक गोष्ट मला त्यात ओळखीची वाटली. तिथं कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. रविवारी बाक रिकामा दिसला तर सोमवारी फोन येत असणार.

बाबांनाही तसा फोन आला. डब्यात त्यांना पहिली कित्येक वर्षं चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला टेकण्यापुरती जागा मिळायची. ज्यांनी ‘सरका जरा’ म्हणून ती दिली, तेच एक स्नेही कल्याणहून रोज त्यांच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरत. पुढं ती जागा खिडकीपर्यंत सरकली. फोनवर ते म्हणाले, “अहो, टाळ तुमचे माझ्याकडं राहिलेत. तुमच्या हाताला लागलेत ते, दुसऱ्याला वाजत नाहीत. मंगळवारी या, दादरपर्यंत का होईना.”

बाबांनी पास काढला. आता दर मंगळवारी आणि एकादशीला ते आठ-बारा पकडतात, दादरला उतरतात, फलाटावर एक कटिंग घेतात आणि उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीनं घरी येतात. नास्तिकपणा जसाच्या तसा आहे. गोळीही चालू आहे. दाढी मात्र रोज होते.

गेल्या खंडेनवमीला फुलांची जबाबदारी त्यांच्याकडं होती. आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारातून ते चार किलो झेंडू घेऊन आले, जमिनीवर चादर अंथरली आणि मला दोरा धरायला बसवलं. किती लांब ओवायचं, मी विचारलं. ते उठले, दोन्ही हात वर करून डब्याच्या दारात उभे असल्यासारखे उभे राहिले, आणि हवेतच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माप घेतलं.

“एवढी,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी वीतभर कमी पडली होती.”