पार्श्वभूमी : पाचक सिरप आणि न लागलेला ठिपका

ठाण्याच्या नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये जेवणानंतरचं पाचक सिरप मागितलं, की अनेकदा हातात येणाऱ्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत अन्न पचवणाऱ्या दोन एंझाइमांची नावं असतात : फंगल डायास्टेज (१:१२००) ५० मिग्रॅ आणि पेप्सिन (१:३०००) १० मिग्रॅ. पेप्सिनपुढचा आकडा त्याची ताकद सांगतो : स्वतःच्या वजनाच्या ३००० पट उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ते पचवतं. डायास्टेज बुरशीपासून होतं हे नावातच आलं. पेप्सिनचा उगम मात्र बाटली सांगत नाही. ते निघतं कत्तलखान्यातून आलेल्या जठराच्या अस्तरातून. मुख्यतः डुकराच्या, काही वेळा गुराच्या किंवा मेंढीच्या.

पचनाचा अभ्यास जुना आहे. १७५२ च्या सुमारास फ्रान्समधल्या एका निसर्ग-अभ्यासकाने पाळीव घारीला मांस भरलेल्या, टोकांना जाळी लावलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. घारीने त्या ओकून टाकल्या तेव्हा आतलं मांस विरघळू लागलं होतं, म्हणजे जठर अन्न नुसतं दळत नव्हतं. १८३६ मध्ये बर्लिनमध्ये पेप्सिन ओळखलं गेलं, १९३० च्या सुमारास त्याचे स्फटिक मिळाले.

चीजमधल्या अशाच प्राणिज एंझाइमचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटला १९६० च्या दशकात बुरशीचा पर्याय आला, १९९० मध्ये अमेरिकेने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला (रेनेटमधल्या मुख्य एंझाइमला) मंजुरी दिली, आणि भारताच्या २०११ च्या खाद्यनियमांत चीजच्या व्याख्येतच प्राणिज नसलेलं रेनेट आलं.

औषधांचं घोडं अडलं ते शाकाहारी-मांसाहारी सांगणाऱ्या ठिपक्यावर. २००१ पासून पाकीटबंद खाद्यपदार्थांवर ठिपके आले, औषधं त्याबाहेर राहिली. २००२ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की प्राणरक्षक औषधं सोडून बाकी औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवरही स्रोताची खूण हवी; आपण काय घेतो हे कळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. उत्पादक वर गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. असा नियम करायचा की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असा त्याचा गाभा.

ठिपक्याविरुद्धचं म्हणणं असं, की आजारी माणसाने खूण बघून औषध टाळू नये. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या पॅन्क्रिएटिन कॅप्सूलबाबत ते पटतं. डुकराच्या स्वादुपिंडातून येणाऱ्या त्या औषधाला तोडीचा पर्याय नाही. पण लग्नाच्या पंगतीनंतर चमचाभर घ्यायच्या सिरपला तोच न्याय लावणं मुळीच पटत नाही. निरोगी जठर पेप्सिन स्वतःच बनवतं. शिवाय नौपाड्यातलं जैन कुटुंब असो वा मुंब्र्यातलं मुस्लिम, डुकराचं अस्तर दोघांनाही चालणार नाही, आणि दोघांनाही ते कुणी सांगत नाही.

विसंगती अशी, की एंझाइमची पावडर पूरक आहार म्हणून विकली तर खाद्यनियमांप्रमाणे ठिपका लावावाच लागतो. औषध म्हणून बाटलीत भरली की लागत नाही. पर्याय दूर नाहीत. एंझाइम बनवणारी देशातली एक मोठी कंपनी ठाण्याचीच, आणि पपईच्या चिकातून निघणाऱ्या पपेनच्या पाचक गोळ्या त्याच दुकानात मिळतात. तूर्त बाटली उलटी करून वाचायची : पपेन पपईचं, ‘फंगल’ लिहिलेलं बुरशीचं, पेप्सिन आणि पॅन्क्रिएटिन दिसलं, तर ते प्राण्याचं.