आरोग्यातली तफावत आणि तिची मोजदाद

एकाच देशातल्या, कधीकधी एकाच शहरातल्या दोन गटांचं आयुर्मान वेगळं निघतं, एका गटातली बाळं जास्त दगावतात, एका गटातल्या बायका बाळंतपणात जास्त मरतात, आणि हा फरक जर उत्पन्न, शिक्षण, जात किंवा वंश, लिंग, काम, अपंगत्व, राहायची जागा यांच्या मागोमाग जात असेल तर त्याला आरोग्यातली तफावत म्हणतात. सगळेच फरक यात धरत नाहीत. तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांना हार्ट अटॅक जास्त येतात यात कुणावर अन्याय झालेला नाही. ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जी कसोटी मांडली ती आजही वापरतात: फरक अनावश्यक आहे का, टाळता येण्यासारखा आहे का, आणि अन्याय्य आहे का.

मोजायची सुरुवात खूप जुनी आहे. ब्रिटिश समाजसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या रिपोर्टमध्ये इंग्लंडमधल्या मृत्यूच्या सरासरी वयाचे आकडे दिलेत. मँचेस्टरमध्ये वरच्या वर्गाचं ३८ आणि मजुरांचं १७. ग्रामीण रटलंडमध्ये वरच्या वर्गाचं ५२ आणि मजुरांचं ३८, म्हणजे गावाकडचा मजूर थेट मँचेस्टरच्या बड्या लोकांच्या बरोबरीला. आकडे बघून धक्का बसतोच, पण हे माप कच्चं आहे, कारण ज्या वस्तीत लहान मुलं जास्त तिथे मृत्यूचं सरासरी वय आपोआप खाली येतं, मग तिथली तब्येत कशीही असो. म्हणूनच आता दोन गटांची तुलना करताना आधी दोघांची वयोरचना सारखी धरून मृत्युदर काढतात. ही पायरी गाळून नुसते मृत्युदर ताडून पाहिले की तरुण गट उगाच निरोगी दिसतो.

बऱ्याच जणांना वाटतं हा सगळा फक्त गरिबीचा प्रश्न आहे. तसं नाहीये, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसलं लंडनच्या सरकारी ऑफिसांमध्ये. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे १८,००० पुरुष नोकरदार होते, सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा, खाण्यापिण्याची ददात कुणालाच नाही. तरी सगळ्यात खालच्या ग्रेडमधल्या निरोप्या, दरवान अशा लोकांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधली प्रत्येक ग्रेड आपल्या वरच्या ग्रेडपेक्षा जास्त मरत होती, म्हणजे अचानक एखादा कडा नव्हता तर सरळ उतरत जाणारा जिना होता. सिगारेट, ब्लड प्रेशर वगैरे हिशेबात धरूनही बराचसा फरक शिल्लक राहिला, तेव्हा हे लोक स्वतःच्या सवयींनी मरतात असं म्हणून हात झटकणं अवघड झालं. या अभ्यासाशी जोडलेले मायकल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक घटकांवरच्या आयोगाचे अध्यक्ष झाले, त्या आयोगाचा रिपोर्ट २००८ मध्ये आला.

आता दरी मोजायची कशी, इथे खरी गोम आहे. समजा एका देशात गरीब गटातली हजारातली १२० मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावतात आणि श्रीमंत गटातली ४०. काही वर्षांनी तेच आकडे ६० आणि १५ झाले. वजाबाकी केली तर दरी ८० वरून ४५ वर आली, भागाकार केला तर ३ पटीची ४ पट झाली. एक मंत्री म्हणणार दरी कमी झाली, दुसरा म्हणणार वाढली, आणि दोघंही खरं बोलतायत! म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायलाच हवेत, एकच देणारा रिपोर्ट अर्धवट समजावा. शिवाय फक्त वरचं आणि खालचं टोक धरलं की मधली माणसं गायब होतात, त्यासाठी सगळे गट एकदम हिशेबात घेणारे निर्देशांक आहेत. त्यातला संहती निर्देशांक (कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स) उणे १ ते अधिक १ मध्ये फिरतो, शून्य म्हणजे श्रीमंत-गरीब असा कल नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, नवीन लस किंवा उपचार आला की तो आधी सुस्थितीतल्या घरांत पोचतो, म्हणून सुरुवातीला दरी वाढलेली दिसते आणि वरच्यांचं पोचून झालं की मग खालचे हळूहळू गाठतात. ब्राझीलचे साथरोगतज्ज्ञ सिझर व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी हे २००० मध्ये ब्राझीलच्या आकड्यांवरून मांडलं. म्हणजे एकाच वर्षाचा फोटो बघून निकाल देऊ नये, सलग वर्षांचे आकडे लागतात.

आणि मुळात डेटाच वाकडा असेल तर? ज्या देशांत उत्पन्न नीट कळत नाही तिथे घरोघरी होणाऱ्या सर्व्हेत पाणी कुठून येतं, संडास आहे का, घरातली जमीन मातीची की फरशीची, टीव्ही आहे का हे विचारून घरांचे पाच सारखे हिस्से पाडतात. पण जो बेघर आहे, जो कामासाठी सतत गाव बदलतो, तो या यादीत येतच नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यात वाईट तब्येत त्याचीच असते. अमेरिकेत तर मूळनिवासी लोकांची मृत्यूच्या दाखल्यावर कधीकधी गोरे म्हणून नोंद झालीये, जनगणनेत मात्र ते स्वतःला मूळनिवासी सांगतात, त्यामुळे मृत्यूंचा आकडा घटतो, लोकसंख्येचा तसाच राहतो आणि मृत्युदर आहे त्यापेक्षा बरा दिसतो. उपकरणंही सगळ्यांना सारखी वागवत नाहीत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या, २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मशीन ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना रक्त तपासल्यावर तो प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा निघालं, गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत देशांनी आकडे उत्पन्न, लिंग, वय, वंश, स्थलांतर, अपंगत्व आणि ठिकाण यांनुसार फोडून द्यावेत असं म्हटलंय. फोडणं गरजेचंच आहे, पण जास्त फोडलं की गट इतका लहान होतो की दोनचार मृत्यूंनी दर उसळतो किंवा कोसळतो, शिवाय छोट्या गावात आकड्यावरून माणूस ओळखू येतो. त्यावर तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र करतात, फारच लहान आकडे छापत नाहीत. यात तोटा असा की सगळ्यात लहान समाजच रिपोर्टमधून वगळले जातात, म्हणून काही ठिकाणी अशा गटांचे मुद्दाम जास्त नमुने घेतात आणि गोळा झालेली माहिती कुणाच्या ताब्यात राहील, काय छापायचं हे त्या समाजाच्या लोकांना बरोबर घेऊन ठरवतात.